उलटी पडलेली चिठ्ठी

गाडी उभी करण्याचे पैसे रीतसर भरले, यंत्रातून आलेली चिठ्ठी घेतली, ती गाडीत समोरच्या काचेमागे ठेवली आणि दार लावताना वाऱ्याच्या झोताने ती उलटी झाली. एवढ्या कारणासाठी भरलेल्या रकमेच्या जवळजवळ तीसपट रक्कम आणखी द्यावी काय? प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. पण त्याचे उत्तर शोधू लागलो तेव्हा करार म्हणजे काय, दंड म्हणजे काय आणि पुरावा म्हणजे काय, या तिन्ही गोष्टींचा मला नव्याने विचार करावा लागला. प्रसंग इंग्लंडातला आहे. बेळगावच्या कॉलेजच्या अंकात त्याचे काय प्रयोजन, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी आहे, आणि ते मला स्वतःला थोडे अडचणीचे आहे.

२०२३ च्या जून महिन्यात मी भाचीकडे गेलो होतो. एका रविवारी ती, तिचे यजमान व मी असे तिघे समुद्रकिनाऱ्यावरच्या एका लहान गावी गेलो. गाडी भाची चालवीत होती. दुकानांच्या मागे एक खासगी पार्किंगची जागा होती. तेथे 'पे अँड डिस्प्ले' पद्धत होती. म्हणजे यंत्रात गाडीचा नंबर दाबावयाचा, पैसे घालावयाचे, चिठ्ठी घ्यावयाची आणि ती बाहेरून वाचता येईल अशी डॅशबोर्डवर ठेवावयाची. तीन तासांचे तीन पौंड चाळीस पेन्स भाचीने भरले. चिठ्ठी ठेवली ती सुलटीच ठेवली, हे मी डोळ्यांनी पाहिले. किनाऱ्यावर वारा भरपूर होता. आम्ही दोन तासांत परत आलो तो समोरच्या काचेवर पिवळे पाकीट चिकटविलेले. आत नोटीस: वैध चिठ्ठी दिसत नसल्याने १०० पौंड भरावे, चौदा दिवसांच्या आत भरल्यास ६० पौंडांवर भागेल, हरकत असल्यास अठ्ठावीस दिवसांत कळवावी. आत पाहतो तो चिठ्ठी डॅशबोर्डवर होती, पण पालथी. वर आलेल्या बाजूला एका खाणावळीची जाहिरात होती.

त्या वेळच्या भावाने १०० पौंड म्हणजे सुमारे दहा हजार रुपये. भाचीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मामा, भरून टाकूया की. साठात सुटतं. पुढे कोर्टबिर्ट झालं, नावावर काही आलं, तर घराचं कर्ज मिळायचं नाही." आपल्याकडेही म्हणतातच, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तिच्या बोलण्यात व्यवहार होता, भीतीही होती. साठ पौंडांत व्यवहाराचा भाग किती आणि भीतीचा किती, हे पाहावे म्हणून मी ती नोटीस हाती घेतली आणि पुढचे काही दिवस त्याच नादात काढले.

पहिली गोष्ट कळली ती अशी की ही नोटीस सरकारी नव्हती. इंग्लंडात नगरपालिका जो दंड करते त्याची नोटीस 'पेनल्टी चार्ज नोटीस'. तिच्यामागे कायद्याने दिलेला अधिकार असतो. खासगी कंपनीची ती 'पार्किंग चार्ज नोटीस'. दोहोंची आद्याक्षरे तीच, पीसीएन. पाकिटाचा रंग, रकाने, सूट देण्याची रीत, सारे इतके सारखे की साध्या माणसाला फरक कळू नये. खासगी कंपनीला दंड करण्याचा अधिकारच नाही. तिचे म्हणणे एवढेच असते की आमच्या जागेवर गाडी आणून तुम्ही फलकावरच्या अटी मान्य केल्या, त्यातली एक मोडली, म्हणून करारात ठरलेली रक्कम द्या. म्हणजे हा दोन खासगी पक्षांतील करारभंगाचा वाद झाला. त्याचा निकाल न्यायालयानेच करावयाचा, कंपनीने नव्हे.

या व्यवहारास इतिहास आहे. पूर्वी खासगी जागामालक गाडीच्या चाकाला लोखंडी कडी घालून ती अडवीत आणि पैसे घेतल्याखेरीज सोडीत नसत. स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९९२ मध्ये हा प्रकार खंडणी व चोरी यांत मोडतो असे ठरविले. इंग्लंड व वेल्समध्ये मात्र तो चालू राहिला आणि २०१२ च्या 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स' कायद्याने त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून बंद झाला. त्याच कायद्याने मोबदल्यात कंपन्यांना एक सोय दिली: गाडी कोण चालवीत होते हे कळत नसेल तर, ठरलेल्या अटी व मुदती पाळून, गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे रक्कम मागता येते. हे नाव सरकारच्या वाहन-नोंदणी खात्याकडून मिळते. एका नोंदीस अडीच पौंड. अशा नोंदी वर्षाला एक कोटीहून अधिक मागविल्या जातात, यावरून धंद्याचा पसारा ध्यानी यावा.

दुसरी गोष्ट भाचीच्या भीतीविषयीची. केवळ नोटीस आल्याने कोणाच्या नावावर काही चढत नाही. कंपनीने दावा लावला, न्यायालयाने रक्कम द्यावयास सांगितली आणि ती महिन्याभरात दिली नाही, तरच ती नोंद सहा वर्षे राहते आणि कर्ज मिळण्यास अडचण होते. म्हणजे न्यायालयाचा कागद आला तर तो कधीही दुर्लक्षू नये, हे खरे. पण कंपनीच्या पहिल्या कागदाला न्यायालयाच्या कागदाइतके भिण्याचे कारण नाही. हे ऐकल्यावर ती थोडी सावरली. साठ पौंडांतला भीतीचा भाग कमी झाला. आता न्यायाचा प्रश्न उरला.

कंपनीची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. गस्त घालणाऱ्या नोकरास पैसे भरलेली गाडी कोणती व न भरलेली कोणती हे कसे कळावे? त्यासाठीच चिठ्ठी दिसेल अशी ठेवण्याची अट असते. शिवाय चिठ्ठी लपवून ठेवण्याची मुभा दिली तर एकाची चिठ्ठी दुसरा वापरील. फलकावर अट मोठ्या अक्षरांत होती. आम्ही ती वाचली होती. दार लावल्यावर एकदा वाकून पाहिले असते तर चूक दिसली असती. तेवढी काळजी आम्ही घेतली नाही. नोकराने पाकीट चिकटविले यात त्याचा काडीचाही दोष नाही. त्याला जे दिसले त्यावरून त्याने योग्य तेच केले.

कंपनीच्या बाजूला मोठा आधार आहे तो तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाचा. चेम्सफर्ड गावी बॅरी बीव्हिस नावाच्या गृहस्थांनी दुकानांच्या आवारात गाडी ठेवली. तेथे दोन तास फुकट होते. ते छप्पन्न मिनिटे जास्त राहिले. पार्किंगआय कंपनीने ८५ पौंड मागितले. त्यांचे म्हणणे, कंपनीचे काही नुकसान झाले नसता हा दंडच झाला, आणि करारात दंड घालता येत नाही. सात न्यायाधीशांपैकी सहांनी ते फेटाळले. जागा सतत मोकळी होत राहावी, एकाच गाडीने ती दिवसभर अडवू नये, यात जागामालकाचा रास्त हितसंबंध आहे. त्यासाठी लावलेली रक्कम अवाजवी नसेल आणि फलक ठळक असतील तर ती देणे भाग आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ. लॉर्ड टूलसन यांनी एकट्याने विरोधी मत दिले. या रकमेत परिस्थितीचा विचार करण्यास मुळीच वाव ठेवलेला नाही, ही त्यांची एक तक्रार होती.

या निकालानंतर 'तुमचे नुकसान काय झाले?' एवढे विचारून भागत नाही. पण निकाल बारकाईने पाहिला म्हणजे आपला प्रश्न त्याहून वेगळा आहे हे कळते. बीव्हिस यांच्या जागेत भाडे नव्हते. तेथे वेळेची मर्यादा हाच सौद्याचा गाभा होता आणि तोच त्यांनी मोडला. आमच्या जागेत सौद्याचा गाभा भाडे हा होता, आणि ते भाडे आम्ही दिले होते. वेळेच्या आत निघालोही होतो. चिठ्ठी दाखविण्याची अट कशासाठी? भाडे दिले हे कळावे म्हणून. म्हणजे ती अट मुख्य कर्तव्याची दासी आहे. मालकिणीचे देणे चुकते झाले असता दासीने तीसपट मागावे, हे मला पटत नाही. चिठ्ठी दुसऱ्यास दिली जाईल ही शंकाही येथे टिकत नाही, कारण तिच्यावर आमच्या गाडीचा नंबर छापलेला होता आणि तोच नंबर कंपनीच्या यंत्रात वेळेसह नोंदलेला होता. कंपनीला शंका होती तर स्वतःच्या यंत्राला विचारावयाचे होते.

चिठ्ठीविषयी इंग्रजी कायद्यात एक जुना, सुरस खटला आहे. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांस तो ठाऊक असेल. १९६४ मध्ये लंडनमधील थॉर्नटन नावाचे एक तुतारीवादक कार्यक्रमास जाताना यंत्र बसविलेल्या गाडीतळात शिरले. यंत्राने चिठ्ठी बाहेर टाकली. परत आल्यावर तेथे त्यांना अपघात झाला. चिठ्ठीवर बारीक अक्षरांत होते की आतल्या फलकावरील अटी लागू. आणि त्या फलकावर होते की इजा झाल्यास मालक जबाबदार नाही. लॉर्ड डेनिंग यांच्या न्यायालयाने ही अट लागू नाही असे ठरविले. करार यंत्राशी व्यवहार करतानाच पुरा झाला. नंतर आलेली चिठ्ठी त्यात नवी अट घालू शकत नाही, आणि अट जितकी कडक तितकी ती आधी व ठळक दाखविली पाहिजे. अपघातात निम्मी चूक थॉर्नटन यांचीही होती, असेही तेथे धरले गेले. तरी त्यांची चूक झाली म्हणून मालकाची अट आपोआप खरी ठरली नाही. आमच्या प्रकरणात फलक दर्शनी होता, त्यामुळे हा खटला जसाच्या तसा आम्हाला उपयोगी नव्हता, हे मी कबूल करतो. मात्र त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. न्यायालयाने चिठ्ठीला चिठ्ठीचीच किंमत दिली. तिला सौद्याच्या जागी बसविले नाही.

आता आमच्या पत्राविषयी. पहिला मसुदा मी केला. दोन पाने झाली. त्यात 'लुबाडणूक' हा शब्द तीनदा होता. भाचीचे यजमान अबोल आहेत. ते वाचून म्हणाले, "मामा, तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे. पण वाचणाऱ्याला यातून काय करायचं ते कळणार नाही." दुसरा मसुदा त्यांनी केला, तो पाऊण पानाचा. पैसे अमुक वेळी भरले, चिठ्ठीचा क्रमांक अमुक; दोन्ही बाजूंचे छायाचित्र सोबत आहे. आपल्याच नोकराने काढलेल्या छायाचित्रात पालथी चिठ्ठी दिसते ती हीच. आपल्या यंत्रातील नोंद पडताळून पाहावी. चिठ्ठी उलटी झाली ही आमची अनवधानाने झालेली चूक आहे. तथापि भाडे पूर्ण दिले असून मुदतीच्या आत जागा सोडली आहे, सबब मागणी रद्द करावी. तसे न केल्यास स्वतंत्र अपील यंत्रणेकडे जाण्यासाठी लागणारा क्रमांक द्यावा. बस्स.

मध्यंतरी एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला की चूक कबूल करू नका, गाडी कोण चालवीत होते तेही सांगू नका. कंपनीने नोटिशीतली एखादी मुदत चुकविली की सुटलात. गाडीच्या मालकाने चालकाचे नाव सांगितलेच पाहिजे असे त्या कायद्यात नाही, म्हणून हा मार्ग कायदेशीर आहे, आणि ज्यांच्यावर सरळसरळ अन्याय झाला त्यांनी तो घेतला तर मी नावे ठेवणार नाही. पण आम्ही घेतला नाही. कागद उलटा पडला एवढ्यावरून कंपनी आमच्याकडे पैसे मागते, याचा आम्हाला राग आला होता. मग कंपनीचा कागद दोन दिवस उशिरा आला एवढ्यावरून आपण सुटावयाचे, हे त्याच जातीचे झाले असते. आम्हाला खऱ्या प्रश्नाचे उत्तर हवे होते.

तीन आठवड्यांनी उत्तर आले. भाडे भरल्याचे कंपनीला अमान्य नव्हते. तरी अट मोडली ती मोडलीच. मात्र सद्भावनेने, चौदा दिवसांत भरल्यास केवळ २० पौंड घेऊन प्रकरण मिटवू. येथे खरी कसोटी लागली. १०० पौंडांशी भांडणे सोपे होते. वीस पौंडांशी भांडताना आपणच हेकट दिसू लागतो. भाची म्हणाली, "मामा, वीसच आहेत. सोडूया आता." मी गप्प राहिलो, कारण गाडी तिची, नाव तिचे, आणि मी तर चार दिवसांनी परत निघणार होतो. दुसऱ्याच्या नावाने तत्त्वासाठी लढणे फार स्वस्त असते. रात्री तिनेच विचार बदलला. तिचे म्हणणे असे: पैसे भरले हे त्यांनी आता मान्य केले आहे; मग हे वीस पौंड कशाचे? वाऱ्याचे? तिने स्वतः अपील लिहिले. ही अपील यंत्रणा गाडीवाल्यास फुकट असते; पण अपील हरले तर सवलत जाते व पूर्ण १०० द्यावे लागतात, हे जाणून तिने ते पाठविले.

मी बेळगावला परतल्यावर महिन्याभराने तिचा फोन आला. कंपनीने उत्तरच दाखल केले नाही. मागणी मागे घेतली. कारण दिले नाही. आम्ही जिंकलो काय? पैसे वाचले, हे खरे. पण आमच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही. जो लढतो त्याला सोडावे, जो घाबरतो त्याच्याकडून साठ घ्यावेत, आणि निकाल लागू नये म्हणजे पुढच्यास काही आधार मिळू नये, ही रीत माझ्या मते त्या १०० पौंडांहून अधिक वाईट आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचाच तो प्रकार. जो पैसे न भरता मुद्दाम गाडी लावतो तो आणि ज्याची चिठ्ठी उलटते तो, दोघांना एकच शंभर. आणि सवलतीची मुदत चौदा दिवसांची असल्यामुळे विचार करण्यास बसणाऱ्याचेच नुकसान. ब्रिटिश पार्लमेंटने यासाठी २०१९ मध्ये एक कायदा केला. त्याखालील सरकारी संहिता फेब्रुवारी २०२२ मध्ये निघाली; लंडनबाहेर किरकोळ नियमभंगास ५० पौंडांची मर्यादा तीत होती. कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिल्यावर जूनमध्ये ती मागे घेण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपन्यांच्या दोन संघटनांनी आपली एक सामाईक संहिता लागू केली, आणि २०२५ मध्ये सरकारने नव्या मसुद्यावर लोकांची मते मागविली. जिथे दोन पक्षांत वाद आहे तिथे एका पक्षाने नियम लिहावेत, यात कोणाचे हित पाहिले जाईल हे सांगावयास नको.

आता आपल्या घराकडे वळू. आपला करार कायदा १८७२ चा. त्याचे चौऱ्याहत्तरावे कलम सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळावयाची ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद खटल्यात १९६३ मध्ये याचा खुलासा केला. पुढे कैलास नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या खटल्यात, बयाण्याची रक्कम जप्त करणाऱ्या प्राधिकरणाने तोच भूखंड नंतर अधिक किमतीस विकला होता. तेव्हा नुकसान नसेल तर रक्कम गिळता येणार नाही असे ठरले. इंग्लंडात बीव्हिस हरले तेही २०१५ सालच. मूळ झाड एकच, पण फांद्या दोन दिशांना गेल्या. आणि या बाबतीत आपली फांदी मला अधिक सरळ वाटते. गाडीतळाच्या चिठ्ठीविषयीही आपल्याकडे निकाल आहे. दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलातून १९९८ मध्ये ग्राहकाची मोटार चोरीस गेली. चिठ्ठीवर 'जबाबदारी मालकाची' असे छापलेले होते. किल्ली घेऊन गाडी ताब्यात घेतली की ती सांभाळण्याचे कर्तव्य येते. निष्काळजीपणा झाला तर चिठ्ठीवरच्या ओळीने ते टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती मोहन शांतनगौडर आपल्या कर्नाटकातलेच. ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस फी पडत नाही. म्हणजे आपल्याकडे आधार नाहीत असे नाही. आपण ते वापरीत नाही. स्टँडवरचा पोरगा 'बिल्ला हरवला, शंभर रुपये टाका' म्हणाला की गाडीचे कागद खिशात असूनही आपण शंभर टाकून मोकळे होतो.

येथवर मी कंपनीच्या विरुद्ध बोललो. आता तो अडचणीचा भाग. इंग्लंडहून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांतच परीक्षा सुरू झाली. एका वर्गाच्या दाराशी मी ओळखपत्रे पाहत होतो. एक मुलगा ओळखपत्र घरी विसरून आला होता. दोन वर्षे तो माझ्या तासाला तिसऱ्या बाकावर बसत आला होता. मी त्याला नावाने हाक मारीत असे. तरी मी त्याला कार्यालयात पाठविले. त्याने पन्नास रुपये दंड भरला, पावती आणली, आणि वीस मिनिटे उशिरा पेपर लिहावयास बसला. नियमाप्रमाणे वागल्याचे मला समाधान वाटले. त्याच आठवड्यात भाचीचा फोन आला, कंपनीने माघार घेतल्याचा. फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानी आले की मी ज्या कंपनीला नावे ठेवीत होतो तिच्या नोकरापेक्षाही माझी वागणूक वाईट होती. त्या नोकराला गाडीने पैसे भरले हे ठाऊक नव्हते. मला तो मुलगा कोण हे ठाऊक होते.

ओळखपत्र माणूस ओळखावा म्हणून असते. फी भरल्याची पावती फी भरली हे कळावे म्हणून असते. ग्रंथालयाचे कार्ड पुस्तक कोणाकडे आहे हे कळावे म्हणून असते. मोठ्या संस्थेत अशा कागदांवाचून चालत नाही, आणि जो तो 'मला ओळखत नाही काय?' म्हणू लागला तर दारावरच्या शिपायाचे हाल होतील, हेही मान्य. कागद मागावाच. तो नसेल तर थांबवावे, विचारावे. पण ज्या गोष्टीचा तो पुरावा आहे ती गोष्ट दुसऱ्या खात्रीच्या मार्गाने, आपल्याच नोंदवहीतून, सिद्ध झाली की दंडाचे कारण संपते. त्यानंतरही जो दंड घेतला जातो तो शिस्तीचा नसतो. आपले चुकले असे म्हणण्याचा कंटाळा आला म्हणून घेतलेला असतो.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे, आणि ती मी या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांसही करतो. दंड दोन्ही भाषांत सारखाच भरावा लागतो. कॉलेजात ओळखपत्र, पावती किंवा कार्ड जवळ नसल्याबद्दल जो दंड होतो त्याच्या पावतीवर एक ओळ छापावी: सात दिवसांत मूळ कागद दाखविल्यास रक्कम परत मिळेल. परीक्षेच्या दिवशी दंडाची रांग पेपर झाल्यावर लावावी, आधी नव्हे. विद्यार्थ्यांनीही रागाने दोन पाने लिहू नयेत. पाऊण पानात, चूक असेल ती कबूल करून, कागद जोडून अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावे. ज्याला उत्तर लिहावे लागते त्याला आधी विचार करावा लागतो.

त्या मुलाचे पन्नास रुपये मी कार्यालयातून परत मिळवून देऊ शकलो नाही. तशी तरतूद नव्हती. मी ते स्वतःच्या खिशातून देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या सर, चूक माझीच होती." पण उशिरा बसल्यामुळे त्याचा शेवटचा प्रश्न राहिला होता. तो त्याला येत होता, हे मला ठाऊक आहे.